सात बैलांचं वय

१२ जानेवारी

ढब्बूस,

हे पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड.

सहा वर्षांनी लिहितोय. अक्षर ओळखशीलच. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच राहिलं आहे. पत्ता बरोबर आहे की नाही याची धाकधूक होती, म्हणून पाकिटावर दोन पत्ते घातले आहेत. एक तुझ्या घराचा, एक कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचा. पोस्टातली बाई म्हणाली, "आजोबा, एक पाकीट दोन घरी कसं जाईल?" मी म्हटलं, पहिल्या घरी घेतलं नाही तर दुसऱ्या घरी द्या. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

आता मुद्द्याचं लिहितो, नाहीतर कागद संपेल.

जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी संपल्यापासून मी रोज सकाळी जप्तीच्या जनावरांच्या गोठ्यावर जातो. कोणी बोलावलेलं नाही. गोचीड काढतो, खूर बघतो, वाढले असतील तर तासतो. तुझ्या ट्रकमधून उतरवलेल्या सात बैलांपैकी आता एकच उरलाय. कोर्टाच्या कागदावर तो मुद्देमाल क्रमांक चार, म्हणून गोठ्यावर त्याला सगळे चार नंबर म्हणतात. तुझा खटला पुरता संपेपर्यंत त्याला विकता येत नाही आणि जुंपताही येत नाही. कापायची तर गोष्टच सोड. तो दिवसभर भिंतीला टेकून बसलेला असतो. कोणासाठी उठत नाही.

मंगळवारी एक बाई आली. ज्याच्या तेलघाण्यावरून तू ते सात बैल घेतलेस, त्याची ही विधवा. गाव सोडून लेकाकडे निघाली आहे, जाण्याआधी आपल्या बैलांतलं कोणी राहिलंय का बघायला आली होती. तिने कुंपणाशी उभं राहून नुसतं "ये रे" म्हटलं आणि चार नंबर उठून तिच्याकडे चालत गेला. गोठ्यावरचा माणूस बघतच राहिला. बाई त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "हा आणि माझा मधला मुलगा एकाच आठवड्यातले. मधल्याला बावीस पूर्ण झाली."

मी बोटं मोजली. दोनदा मोजली. सहा वर्षांपूर्वी हा सोळाचा होता. मी याला दहाचा सांगितला होता.

मी तिला म्हणालो, "बाई, पण याचे दात तर तेव्हा कोवळे होते."

ती म्हणाली, "होणारच की. घाण्याचा बैल कधी रानात चरायला जातो का? आमच्याकडे भिजवलेली पेंड आणि कोंडा, जन्मापासून. दात झिजायचे कशाने? तुम्ही दवाखान्यातले ना? तुम्हाला एवढं माहीत नाही?"

अख्खं गाव मला दातवाले म्हणून ओळखतं आणि तेल काढणाऱ्याच्या बायकोने मला हे विचारलं.

मी तेव्हा नीट बघितलं होतं रे. दातांनीच मला फसवलं. तुझं अपील मार्चात आहे असं कानावर आलं. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

तुझा दादा


२० जानेवारी

ढब्बूस,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं की नाही म्हणून मी सायकलवाल्याला फोन करायला लावला. तो म्हणाला, मिळालं, तू पाकीट फोडलंस आणि दारातच उभं राहून वाचलंस. म्हणजे मिळालं.

मग आता खरं लिहितो. मागच्या पत्रात मी नीट बघितलं असं लिहिलं ते खोटं आहे.

तो दिवस तुला आठवत असेलच, पण तू फाटकाबाहेर पोलिसांजवळ होतास. आतलं तुला दिसलं नसेल. डॉक्टरसाहेब नेहमीसारखे पंख्याखाली खुर्चीत होते, पुढ्यात छापील अर्ज. ते कधी अंगणात उतरायचे नाहीत. एकतीस वर्षं हीच पद्धत होती. मी जनावराचा खालचा ओठ ओढायचो, दात बघायचो आणि ओरडून वय सांगायचो. ते लिहायचे आणि सही करायचे. चौदाच्या आतला बैल कापायला नेणं गुन्हा, आणि गाय तर कितीही म्हातारी असली तरी नाहीच. एवढा मोठा कायदा, पण आमच्या दवाखान्यात तो माझ्या दोन बोटांवर उभा होता. मला त्याचा गर्व होता, कशाला नाही म्हणू.

पहिल्या बैलाचं तोंड उघडलं. दात सरळ, कडा धारदार, फटी नाहीत. दुसऱ्याचं उघडलं, तसंच. तिसऱ्याने मान झटकली आणि त्याचं शिंग माझ्या हनुवटीला लागलं. फाटकावर गर्दी ओरडत होती, ऊन मी म्हणत होतं. आतून साहेब म्हणाले, "एकाच गोठ्यातले आहेत ना सगळे? मग सात वेळा काय तोंडं बघत बसतोस?" आणि मी ओरडलो, "सगळे नऊ ते अकरा!"

मी दोन तोंडं उघडली, ढब्बू. सात नाही. चार नंबरचं तोंड मी पहिल्यांदा उघडलं ते परवाच्या बुधवारी. आता सहा वर्षं गोठ्यावरचा वाळका चारा खाऊन त्याचे दात पार झिजलेत, म्हणजे आता ते बघून कोर्टात काहीच सिद्ध होणार नाही.

आणि पुढे कोर्टात साहेबांनी शपथेवर सांगितलं की सातही जनावरं मी स्वतः तपासली. त्यांच्यानंतर मी उभा राहिलो आणि म्हणालो, हो, माझ्यासमोर तपासली.

काल साहेबांकडे गेलो होतो. आता निवृत्त झालेत, कुंड्यांना पाणी घालत होते.

"साहेब, त्या बैलांतला एक सोळाचा होता."

"कोणते बैल?"

"धाकट्याच्या ट्रकमधले."

त्यांनी झारी खाली ठेवली. "सहा वर्षांनी तुला स्वप्न पडलं का रे?"

मी घाणेवाल्या बाईचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, "तू वयाला माझ्यापेक्षा मोठा आहेस म्हणून नीट सांगतो. आपण दोघांनी शपथ घेतली आहे. तू बोललास तर मी खोटारडा ठरेन, आणि तू माझ्या आधी ठरशील. घरी जा. चहा घेऊन जा."

चहा घेतला. नको म्हणायला हवं होतं.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

ढब्बूस,

तुझ्या वकीलबाईंचा पत्ता मी शोधून काढला आहे. त्यांच्याकडे जाऊन लेखी जबाब देणार आहे. हे घरात सांगितलं आणि भांडण झालं.

तुझा पुतण्या आता माझ्याच खात्यात कारकून आहे, हे तुला माहीत नसेल. तो ताटावरून उठला. म्हणाला, "बाबा, खोटी साक्ष म्हणजे काय माहीत आहे का तुम्हाला? आत टाकतील. या वयात."

मी म्हटलं, "तुझ्या काकाला तीन वर्षांची शिक्षा झाली आहे. तो जामिनावर आहे म्हणून बाहेर दिसतो. अपील फेटाळलं की तोही आतच जाणार. त्याचंही वय झालंय."

"काकांनी काय केलं तुमच्यासाठी? सहा वर्षांत तोंड दाखवलं?"

"दाखवायला मी तोंड ठेवलंय का त्याला?"

मग तो म्हणाला, "आणि ऑफिसात माझ्याकडे लोक कसे बघतील?" खरं तर त्याच्या पोटात होतं ते हे. मला राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. किंबहुना मी म्हणालोच होतो, मनातल्या मनात, त्या दिवशी. तेच आज लिहायचं आहे. चार दिवस लिहीन लिहीन म्हणतोय आणि पेन्सिलीला टोक काढत बसतोय. तुझी वहिनी म्हणाली, आता पेन्सिल संपेल.

मी "नऊ ते अकरा" ओरडलो आणि वळलो, तेव्हा चार नंबर माझ्यासमोरच उभा होता. त्याच्या डोळ्यांवरचे खड्डे मला दिसले. माझं बोट बुडेल एवढे खोल. नाकपुडीभोवती पांढरे केस. मानेवर जुवाचा घट्टा, तळव्यासारखा जाड. दहा वर्षांच्या बैलाला हे नसतं. मला कळलं. तोंड न उघडताच कळलं.

आणि त्याच वेळी तू फाटकावरून ओरडलास, "दादा, नीट बघ रे!"

गर्दीतला कोणीतरी हसला. म्हणाला, "आता भावासाठी दातवाले चार वर्षं वाढवतात का बघू."

बस, एवढंच झालं. मी पुन्हा बघितलं असतं आणि सोळा म्हणालो असतो, तर लोक म्हणाले असते भावाला वाचवलं. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, लिहा साहेब.

तू माझा भाऊ नसतास, ढब्बू, तर मी पुन्हा बघितलं असतं. परक्या माणसासाठी मी नक्की पुन्हा बघितलं असतं.

तू घाणेवाल्याची चिठ्ठी दाखवत होतास, वयाचा दाखला घ्यायलाच दवाखान्यात निघालो होतो म्हणून सांगत होतास. कोणी ऐकलं नाही, कारण मी ओरडून मोकळा झालो होतो.

वहिनी तुझी या भांडणात काही बोलली नाही. पोरगा निघून गेल्यावर म्हणाली, "वकिलाकडे जायचं तर इस्त्रीचा सदरा घालून जा. मळक्या सदऱ्यातल्या माणसाचं खरंही खोटं वाटतं." म्हणजे जा असंच म्हणाली ना? मला तसंच वाटलं. उद्या जातो.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

ढब्बूस,

तुझं कार्ड मिळालं. "नाटक बंद कर. ढब्बू." एवढंच. मी ते तीनदा वाचलं, मागे काही आहे का तेही बघितलं. राग राग करून लिहिलंस तरी खाली ढब्बूच लिहिलंस. सहीचं मोठं नाव लिहिलं नाहीस. नाटक बंद होणार नाही.

वकीलबाईंकडे तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी कोणाच्या तरी घराच्या वाटणीसाठी आलोय. दुसऱ्यांदा सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"आजोबा, तुम्ही सख्खे भाऊ. सरकारी वकील एकच प्रश्न विचारणार. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? काय सांगाल?"

"तेव्हा."

"हेच प्रत्येक जण सांगतो. घाणेवाल्या बाई येतील साक्षीला?"

"येईन म्हणाल्या आहेत. पण बैलाच्या जन्माचा कागद नाही त्यांच्याकडे, मुलाच्या जन्माचा आहे."

"म्हणजे शब्दच. तुमचा शब्द, त्यांचा शब्द."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारी तिच्या नातवाचा गृहपाठ तपासत होती, न वाचताच सगळ्यावर बरोबरची खूण करत चालली होती. मी म्हटलं, अहो, बघा तरी. ती म्हणाली, "हुशार आहे हो तो, चुकत नाही." तेव्हा मला सुचलं. मी पुन्हा आत गेलो, चपला काढायच्याही विसरलो.

"बाई, माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला नकोच. माझी परीक्षा घ्या."

"कसली परीक्षा?"

"सरकारी पैदास केंद्रावर प्रत्येक जनावराच्या जन्माची नोंद असते, कानात बिल्ला असतो. बिल्ल्यावर कापड बांधा. बारा बैल उभे करा. मी दात बघून वय सांगतो, तुम्ही नोंदीशी ताडून बघा. मग न्यायाधीशांनाच कळू दे, दात बघून वय सांगणाऱ्याचं किती खरं मानायचं ते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला कळतंय का आजोबा, तुम्ही काय मागताय? भाऊ सुटायचा तर तुम्हाला सगळ्यांसमोर चुकावं लागेल."

मी म्हटलं, कळतंय. तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, आता कळतंय.

खालचे आठही दात पूर्ण येईपर्यंत मी चुकत नाही, ढब्बू. पाच वर्षांपर्यंतचं जनावर मी डोळे झाकून बोटांनी सांगेन. त्यापुढे मात्र नुसती झीज बघायची, आणि झीज चाऱ्यावर असते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. साहेबांनाही होतं. पण अर्जावर वयाचा एकच रकाना आहे, त्यात "बहुतेक" लिहायला जागा नाही.

तुझा दादा


२६ फेब्रुवारी

ढब्बूस,

न्यायाधीशांनी मान्य केलं. नऊ मार्चला परीक्षा. कोर्टाचा एक माणूस, दोन सरकारी डॉक्टर आणि दोन्हीकडचे वकील हजर राहणार. सरकारी वकिलांनीही विरोध केला नाही. बाई म्हणाल्या, त्यांना वाटतंय तुम्ही बाराच्या बारा बरोबर सांगाल.

मलाही तीच भीती आहे.

दोन दिवस जेवण जात नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं, बरोबर आलं तर काय करू? ती भांडी पुसत होती. "मग मुद्दाम चुका की! त्यात काय मोठंसं."

"ती दुसरी खोटी साक्ष होईल."

"पहिली देताना एवढं सुचलं नाही."

तिने एक पातेलं दोनदा पुसलं. मग म्हणाली, "बरं. जे दिसेल तेच सांगा. पण दिसलं तेच सांगितलंत हे मला घरी येऊन सांगा."

तेव्हा तुला आधीच लिहून ठेवतो. मी जीव ओतून बघणार आहे. मी बरोबर ठरलो आणि तू आत गेलास, तर तेही माझ्याच हातून झालं असेल. मी मुद्दाम चुकणार नाही.

दुसरी एक गोष्ट आहे, ती मी अजून वकीलबाईंनाही बोललो नाही. घाण्याच्या बैलाचे दात झिजत नाहीत, तसे नदीकाठी वाळूत चरणाऱ्याचे फार लवकर झिजतात. आपल्या दवाखान्यात येणारी निम्मी जनावरं नदीकाठचीच होती. चौदाच्या वरचं आहे, नेऊ द्या, असं मी किती जणांबद्दल ओरडलो असेन? एकतीस वर्षं, आठवड्यातले दोन दिवस. त्यातले किती बाराचे होते, किती दहाचे? तो कायदा त्यांच्यासाठी होता. त्यांना तो माझ्या बोटांनी मिळायचा होता.

तुझं प्रकरण मिटवलं की मी मोकळा, असं मला वाटत होतं. तसं ते नाही. मला घाम फुटला होता हे लिहिताना, तुझ्या वहिनीने खिडकी उघडून दिली.

तुझा दादा


१० मार्च

ढब्बूस,

काल तू कुंपणाबाहेर होतास. मला तू टोपी डोळ्यांवर ओढून उभा दिसलास. जवळ आला नाहीस, मीही हाक मारली नाही. तुला लांबून ऐकू आलं नसेल, म्हणून सगळं लिहितो.

पहिले पाच मी बरोबर सांगितले. एका वर्षाच्या आतबाहेर. सरकारी डॉक्टरांतला तरुण डॉक्टर म्हणाला, "वा, काका!" आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. तू कुंपणावर तीन वर्षांची शिक्षा घेऊन उभा आणि माझी छाती फुगते आहे. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तुझ्या वकीलबाई खाली बघत होत्या, सरकारी वकील पेन वाजवत होते.

सहावा बैल आणला. दात सरळ, कडा चांगल्या. मी डोळ्यांवरचे खड्डे बघितले नाहीत, कारण ठरलं होतं फक्त दात. म्हणालो, आठ. कापड सोडलं. तेरा.

केंद्रावरचा गडी म्हणाला, "हा गिरणीच्या शेडमधला, भरड्यावर वाढलेला."

सातव्याचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले. मी पुन्हा पुन्हा बघितलं. पंधरा म्हणालो. तो दहाचा निघाला. नदीच्या पट्ट्यात चरणारा.

आठवा बांधताना गडी पुटपुटला, "म्हातारा झाला बिचारा." मी ऐकलं. मी कोर्टाच्या माणसाला म्हणालो, साहेब, हा बाजूला काढा, मला याचं वय कानावर आलं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याच्या जागी दुसरा आणला. तो बरोबर आला. पुढचे दोन साफ चुकले, बारा म्हणालो तो आठचा, नऊ म्हणालो तो चौदाचा. अकरावा बरोबर. बारावा चार वर्षांनी चुकला.

बारातले पाच चुकले. निम्म्याला एक कमी.

मग सरकारी वकील जवळ आले. भला माणूस आहे, आवाज चढवला नाही. "आजोबा, तुमचं म्हणणं मान्य करायचं तर दुसरंही मान्य करावं लागेल. तुमच्या शब्दावर चौदाच्या आतली जनावरंही कापायला गेली असतील."

वकीलबाई मध्ये पडल्या, याचा या खटल्याशी संबंध नाही म्हणाल्या. मी म्हटलं, आहे बाई.

"किती?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मोजता येणार नाहीत. पण गेली. मी सांगितलं म्हणून गेली."

"हे लिहून घेऊ?"

"घ्या. आणि हेही घ्या की त्या सातांपैकी मी दोनच तोंडं उघडली होती. साहेब अंगणात उतरले नव्हते. मी शपथेवर खोटं बोललो होतो."

लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. सही रेषेखाली गेली. वर बघितलं तेव्हा कुंपणाशी तू नव्हतास.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, दिसलं तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग जेवा."

जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

तुझा दादा


२३ मार्च

ढब्बूस,

काल आपण भेटलो, तरी लिहितोय. भेटल्यावर मला काही बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

निकाल तू कोर्टात ऐकलास. माझ्या कानात त्या वेळी नुसता घूं आवाज होता, म्हणून मी वकीलबाईंकडून दुसऱ्यांदा समजून घेतला. बैलांचं वय सिद्ध होत नाही, शिक्षा रद्द. यापुढे दातांवरून वय ठरवताना प्रत्येक जनावर डॉक्टरांनी स्वतः तपासायचं, जन्माची नोंद मिळत असेल तर तीच धरायची, आणि शंका असेल तर तसं लिहून जनावर परत पाठवायचं. म्हणजे शंका आली की जनावर वाचणार. हे मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत हे व्हायला हवं होतं.

मला आणि डॉक्टरसाहेबांना खोट्या साक्षीबद्दल नोटीस आली आहे. साहेबांचा फोन आला होता. शिव्या देतील असं वाटलं, पण ते नुसते म्हणाले, "चहा प्यायला आलास तेव्हाच मला कळलं होतं." आणि फोन ठेवला. तुझा पुतण्या दोन दिवस बोलत नव्हता. काल सकाळी माझा सदरा इस्त्रीवाल्याकडून त्यानेच आणून दिला.

मी नोटिशीला हो म्हणून लिहिणार आहे. वकील लावणार नाही.

आता काल गोठ्यावरचं. तू चार नंबरला न्यायला आलास. सुटकेच्या कागदावर गोठ्याच्या माणसाने सगळं भरलं. रंग, शिंगं, खुणा. मग सवयीने माझ्याकडे वळून म्हणाला, "दातवाले, वय काय टाकू?"

तू दावं सोडत होतास, ते सोडायचं थांबलास. तुझे डोळे माझ्यावर होते. मी बैलाकडे बघितलं. बाविसावं संपलं हे मला आता पाठ आहे, पण ते मला त्या बाईने सांगितलं होतं, माझ्या बोटांनी नाही.

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

गोठ्याचा माणूस म्हणाला, "थट्टा करता का?"

आणि तू म्हणालास, "लिहा हो. दातवाल्यांना माहीत नाही." तुझ्या ओठाची एक बाजू वर गेली होती. हसत होतास की नाही ते मी विचारलं नाही.

मग आपण बैलाच्या दोन्ही बाजूंनी फाट्यापर्यंत चाललो. तो सावकाश चालत होता, आपणही. चार वेळा माझ्या तोंडाशी आलं, याला कुठे नेतोस? चौदाची अट याला आता लागू नाही, तुला जनावरं नेण्याचा परवाना परत मिळेल, तू म्हणशील तिथे याला नेऊ शकतोस. विचारायचा हक्क मला नाही म्हणून विचारलं नाही. फाट्यावर तू घराकडच्या रस्त्याला वळलास. तो बाजाराचा रस्ता नव्हे. मी तिथेच उभा राहून तुम्ही दोघं दिसेनासे होईपर्यंत बघत होतो.

माफ कर असं मी सात पत्रांत कुठेच लिहिलं नाही. आठवून बघितलं. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर मी आजवर पुरेसं लादलं आहे. म्हणून इथेही लिहीत नाही.

सोमवारी अकरा वाजता नोटिशीची तारीख आहे. मी दहालाच जाऊन बसेन, बस चुकायची भीती वाटते. तू यायची गरज नाही. बैलाला दुपारचं पाणी दाखवायला घरी कोणीतरी हवं.

तुझा दादा